वीस कोटींची पैज

संक्रांतीला ताईकडे कोपरखैरण्याला गेलो होतो. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता भाच्याने पैज टाकली. "मामा, जीटीए सहा. वीस कोटी प्रती. लावतोस?"

जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो हा व्हिडिओ गेम, त्याचा सहावा भाग यायचाय. भाचा अथर्व अकरावीत आहे. मी तुर्भ्याला एका कंपनीत आहे. पुढच्या तिमाहीत कुठल्या डेपोला किती माल लागेल, ते सांगायचं माझं काम. साबण, बिस्किटं, मसाल्याची पाकिटं. गेम काही कधी विकलेला नाही. पण अंदाज बांधायची रीत मालागणिक फारशी बदलत नाही, म्हणून सवयीने विचारलं, "कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत म्हणजे? खपणार म्हणजे खपणार!"

ऑफिसात कुणी असं बोललं तर आम्ही त्याला पुन्हा बसवून प्रश्न लिहायला लावतो. किती खपेल, याला कधीपर्यंत आणि नेमकं काय मोजायचं, हे जोडल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही. वर्षानुवर्षं चालत आलेल्या गेमचा नवा भाग येतो तेव्हा लोक हमखास इथेच घसरतात, कारण डोक्यात मागच्या भागाचा एकूण आकडा बसलेला असतो.

वीस कोटी त्याने कुठून आणले, ते उघड होतं. जीटीए ५ हा मागचा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला. पहिल्या तीन दिवसांत त्याची १०० कोटी डॉलरची विक्री झाली आणि आजवर २१ कोटी ५० लाखांहून जास्त प्रती गेल्या आहेत. जुना एवढा गेला, नवा त्याहून भारी दिसतोय, मग वीस कोटी तर सहज, असा अथर्वचा हिशेब.

हा एकूण आकडा जरा सोलून बघू. २०१३ मध्ये गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या मशीनवर आला. नोव्हेंबर २०१४ मध्ये पुढच्या पिढीच्या मशीनवर, म्हणजे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. मार्च २०२२ मध्ये त्याच्याही पुढच्या पिढीवर. तीन पिढ्यांची मशीन, बारा वर्षं, मधे कितीतरी सेल. ऑनलाइन खेळ चालू राहिला, त्यामुळे २०१३ साली जी पोरं बालवाडीत होती तीही पुढे गिऱ्हाइकं झाली. ज्याने मशीन बदललं त्याने गेमही पुन्हा घेतला. हिशेबात तो एकटा माणूस दोन-तीन प्रतींचा धनी आहे.

वाशीच्या फळबाजाराजवळ राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हापूसच्या अख्ख्या हंगामात किती पेट्या उतरल्या तो आकडा घ्यायचा आणि म्हणायचं, पाडव्याला एवढी आवक होईल. बाजारात असं बोललात तर हमालही हसतील.

मग पाडव्याशी पाडवाच ताडून बघायचा. जीटीए काढणाऱ्या टेक-टू या कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सांगितलं होतं की तोवर जीटीए ५ च्या ३ कोटी २५ लाख प्रती गेल्या. हा आकडा पहिल्या चार-पाच महिन्यांचा आणि आपल्या कामाचा. पण यातही एक मेख आहे, ती माझ्या धंद्यातली असल्यामुळे जरा थांबतो.

कंपन्या 'विकलं' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ असतो, दुकानांना पाठवलं. गिऱ्हाइकाने उचललं की नाही, तो वेगळा आकडा. मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. आमच्या एका जुन्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बिस्किटाचा नवा स्वाद आला. पहिल्या महिन्यातली विक्री बघून साहेबांनी पेढे वाटले. स्कीम होती म्हणून व्यापाऱ्यांनी माल भरून ठेवला होता, एवढंच. तिसऱ्या महिन्यात भिवंडीच्या गोदामात परतीची खोकी छताला लागली. पुढचा महिनाभर आमच्या ऑफिसात चहाबरोबर तेच बिस्किट. मला तो स्वाद अजून चालत नाही.

गेमच्या धंद्यातली हीच गोष्ट जगप्रसिद्ध आहे. १९८२ च्या नाताळासाठी अटारी या गेम कंपनीने एका गाजलेल्या सिनेमावरचा गेम लाखोंच्या संख्येने बनवला. तो पडून राहिला, आणि न खपलेल्या मालातला काही न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला गेला. एप्रिल २०१४ मध्ये लोकांनी तो खणून वर काढला. आता बराच माल इंटरनेटवरून थेट उतरवला जातो, त्यामुळे ही फट बुजत चालली आहे. तरी बातमीतला आकडा वाचताना पाठवलेला की उचललेला, एवढं बघावंच.

इतकं सांगेपर्यंत अथर्व मोबाईलमध्ये शिरला होता. त्याला बाहेर काढायला मी विचारलं, "हा गेम खेळायला काय लागतं?"

"पीएस फाइव्ह. नाहीतर एक्सबॉक्स."

"तुझ्या ग्रुपमध्ये किती जणांकडे आहे?"

"अकरा जणांत दोघं." थोडा विचार करून, "तिसरा त्याच्या दादाचा वापरतो."

या प्रश्नाने अंदाजाचं काम सुरू होतं. गेम कितीही लाडका असो, ज्याच्या घरी मशीन नाही तो विकत घेऊन करणार काय? म्हणून आधी मशीन मोजायची, मग दर शंभर मशीनमागे किती जण हा गेम घेतील ते बघायचं. शेकडा किती, हा आपल्या दुकानदारांचा जुनाच हिशेब.

निन्टेंडो या गेम कंपनीच्या मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या मालिकेवर हा शेकडा फार सुंदर दिसतो, कारण प्रत्येक मशीनवर साधारण एकच भाग येतो आणि निन्टेंडो दोन्ही आकडे छापते. २००८ चा भाग वी या मशीनवर होता. मशीन १० कोटी १६ लाख, गेम ३ कोटी ७० लाखांच्या वर. शेकडा ३७. पुढचा आठवा भाग २०१४ मध्ये वी यू वर आला. हे मशीन साफ पडलं, जन्मभरात जेमतेम १ कोटी ३६ लाख गेली. गेमच्या प्रती ८४ लाखांच्या आसपास. नुसता आकडा बघितला तर मालिका बुडाली, असं कुणीही म्हटलं असतं. शेकडा काढला तर तो निघतो ६२! लोकांचं प्रेम आटलं नव्हतं, दुकानात गिऱ्हाइकंच आली नव्हती.

याची परीक्षाही झाली. तोच आठवा भाग, थोडी भर घालून, २०१७ मध्ये स्विच या नव्या मशीनवर आणला. मार्च २०२५ अखेर स्विच १५ कोटी २१ लाख, गेम ६ कोटी ८२ लाख. शेकडा ४५. शेकडा घसरला आणि खप आठपट झाला.

शेकडा घसरला का, यात सगळी गंमत आहे. पडलेल्या मशीनपाशी फक्त निष्ठावंत उरतात, जे तसेही प्रत्येक मारिओ घेणारच. मशीन चाललं की त्यामागून मग आत्या, काका, शेजारचे सगळे येतात. कुणी फुटबॉलसाठी घेतं, कुणी व्यायामासाठी, कुणी पोरगं रडतंय म्हणून. त्यांच्यात कार्टवाले कमीच. गणेशोत्सवातल्या नाटकाला पहिल्या तीन रांगा दरवर्षी त्याच माणसांच्या असतात. मंडप मोठा केला की गर्दी वाढते, पण मागच्या रांगेतले अर्धे वाऱ्याला बसलेले असतात. म्हणून छोट्या मशीनचा शेकडा उचलून मोठ्या मशीनला लावायचा नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महाग चूक ही आहे.

शेकडा शंभराच्या वरही जाऊ शकतो, बरं का. मार्च २०१७ मध्ये स्विच आणि झेल्डा मालिकेचा नवा गेम एकाच दिवशी बाजारात आले. त्या महिन्यात अमेरिकेत ९ लाख ६ हजार मशीन गेली आणि त्या मशीनसाठीच्या गेमच्या प्रती ९ लाख २५ हजारांवर. मशीन मिळेना म्हणून गेम आधी घेऊन ठेवणारे होते, आणि एक प्रत खेळायला, एक शोकेसला ठेवणारेही. याच्या उलटा फसवा प्रकार म्हणजे जोडमाल. २०२५ मध्ये स्विच २ बरोबर मारिओ कार्टचा नवा भाग एकाच खोक्यात बांधून विकला गेला. सप्टेंबर २०२५ अखेर मशीन १ कोटी ३ लाख आणि गेम ९५ लाखांच्या पुढे. इथे शेकडा ९२ दिसतो, पण साबणावर ब्रश फुकट दिला तर ब्रशचा खप धरत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाच शेकडा खाली आलेला दिसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता पुन्हा पैजेकडे. जीटीए ६ ची तारीख दोनदा पुढे जाऊन १९ नोव्हेंबर २०२६ ठरली आहे आणि तो फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर येणार असं जाहीर झालं आहे. सोनीने सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत ८ कोटी ४२ लाख प्लेस्टेशन ५ पाठवली होती. नोव्हेंबर २०२६ पर्यंत ती साडेनऊ कोटी होतील असं मी धरलं. मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्सचा आकडा सांगत नाही, तिथे माझ्या मनाने अडीच कोटी. बेरीज बारा कोटी.

अथर्वने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "म्हणजे जगातल्या प्रत्येकाने घेतला तरी बाराच?"

"पहिल्या काही महिन्यांत, हो."

"पीसीवर येईल ना नंतर!"

येईलही. पाचवा भाग आला होता, दीड वर्षाने. पण 'नंतर' पैजेच्या मुदतीत बसत नाही, म्हणून आता मुदत ठरली: ३१ मार्च २०२७. कंपनीचं आर्थिक वर्ष तेव्हाच संपतं आणि हापूसही बाजारात आलेला असतो. हरणाऱ्याने एक पेटी द्यायची.

आता शेकडा कुठला घ्यायचा? २०१३ साली प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० मिळून जगात १५ कोटींहून जास्त मशीन गेलेली होती. त्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत ३ कोटी २५ लाख. शेकडा साधारण २१. पण त्या पंधरा कोटींत बिघडून माळ्यावर गेलेली मशीन होती आणि दोन्ही मशीन असलेली घरंही होती. चालू मशीनमागे शेकडा त्याहून जास्तच असणार. शिवाय तेरा वर्षांची भूक आहे. उलट बाजूने महागाई आहे. आपल्याकडे नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो आणि जगातही किमती चढल्याच आहेत. मी शेकडा ३० धरला. बारा कोटींचे ३० टक्के म्हणजे ३ कोटी ६० लाख.

ट्रेलरचं काय, असं अथर्वने विचारलंच. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा चोवीस तासांत तो ९ कोटींहून जास्त वेळा बघितला गेला. मी त्याला मोहोर म्हणतो. मोहोर आलाच नाही तर आंबा नाही, एवढं खरं. पण झाडभर मोहोर बघून पेट्या मोजणारा बागायतदार कोकणात तरी भेटणार नाही. बहुतेक मोहोर गळण्यासाठीच असतो. ट्रेलर फुकट आहे आणि तो बघायला मशीन लागत नाही.

पहिल्या आठवड्यावरून पुढचा अंदाज बांधणं त्याहून बरं, पण तिथेही एक खड्डा आहे. कॅपकॉम या कंपनीच्या मॉन्स्टर हंटर मालिकेत २०१८ चा वर्ल्ड हा भाग पहिल्या तीन दिवसांत ५० लाख प्रतींवर गेला आणि मग वर्षानुवर्षं खपत २ कोटींपलीकडे पोचला. पहिल्या उडीच्या चौपट. २८ फेब्रुवारी २०२५ ला आलेला वाइल्ड्स तीन दिवसांत ८० लाख, महिन्याभरात १ कोटी. चौपटीचं गणित लावणाऱ्याने ३ कोटींची स्वप्नं बघितली असतील. एप्रिल ते जून या पुढच्या तिमाहीत गेल्या ४ लाख ७७ हजार. पीसीवर गेम अडखळत चालतो म्हणून खेळणारे चिडले होते आणि जपानमध्ये मशीनच महाग पडतंय, असं कंपनीचे अध्यक्षही बोलले. मला वाटतं, आणखी एक साधं कारण होतं. वर्ल्डने जे नवे भक्त जमवले ते पुढच्या भागाला पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहिले. मालिका जितकी जुनी आणि लाडकी, तितकी पहिली उडी मोठी, आणि मागे उरलेलं गिऱ्हाईक कमी. शुक्रवारी हाउसफुल्ल गेलं म्हणून सोमवारी जाईलच असं नाही.

काही गोष्टी कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. ॲनिमल क्रॉसिंग या शांत, गावात झाडं लावायच्या मालिकेचा नवा भाग २० मार्च २०२० ला आला. पाच दिवसांनी आपल्याकडे टाळेबंदी लागली, बाकी जगातही तेच. सहा आठवड्यांत १ कोटी ३४ लाख प्रती. मागच्या मुख्य भागाला साधारण एवढ्या प्रतींसाठी अख्खा जन्म लागला होता. २०१९ मध्ये कुणी हा आकडा लिहून दिला असता तर मी त्याला शहाणा म्हटलं नसतं, आणि आजही म्हणणार नाही. नशीब आणि हुशारी वेगळी.

म्हणून एकच आकडा सांगायचा नाही, पट्टा सांगायचा. मशीनची संख्या आणि शेकडा, असे दोन अंदाज मी एकमेकांनी गुणतोय. प्रत्येकात वीस टक्के चूक धरा, ती काही फार नाही. दोन्ही चुका वरच्या बाजूला झाल्या तर उत्तर जवळपास दीडपट येतं. दोन्ही खाली गेल्या तर जवळपास दोन तृतीयांश. बहुधा चुका एकमेकींना थोड्या खातात, म्हणून मी पट्टा अडीच ते पाच कोटी ठेवला. अथर्वच्या मते ही चीटिंग. "एवढ्यात तर काहीही बसेल!" वीस कोटी बसत नाही, हे मी त्याला दाखवलं.

आणि कंपनी खूश होईल का, हा आणखीच वेगळा प्रश्न. २०१३ मध्ये टूम्ब रेडर मालिका नव्याने सुरू झाली, महिन्याभरात ३४ लाख प्रती गेल्या आणि ती काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने सांगितलं, अपेक्षेपेक्षा कमी. खर्चच तेवढा होता.

जेवणं झाल्यावर मी त्याला ठाण्याची गोष्ट सांगितली. वीस-बावीस वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या सायबर कॅफेत सहा पीसी होते आणि सहाही पीसींवर व्हाइस सिटी, जीटीएचाच जुना भाग. कॉलेज सुटलं की गोखले रोडवरून तडक तिथे. सीडी कुणीतरी कुठूनतरी राइट करून आणलेली, वर स्केचपेनने नाव. निम्म्या ठाण्याला त्या गेमचे रस्ते तोंडपाठ होते. जगभरात व्हाइस सिटीच्या १ कोटी ७५ लाख प्रती खपल्या असं सांगतात. त्यात आमची एकही नाही. तेव्हा आपल्याकडे हा गेम किती गाजतोय त्यावरून खपाचा अंदाज बांधायला जाऊ नये, निदान आमच्या पिढीने तरी.

"आता तसं नाही," अथर्व म्हणाला. "आम्ही विकत घेतो."

"मशीन कुठाय?"

"घेणारे. या गेमसाठीच घेणारे. ग्रुपमधले आणखी दोघंही."

हे मात्र मी हिशेबात धरायला विसरलो होतो. मोठा गेम स्वतःच मशीन खपवतो, म्हणजे माझे बारा कोटी जागचे हलू शकतात. सवा बारा? साडेबारा? मी कागद परत घेतला, मशीनचा आकडा खोडला आणि विचारलं, "तुझी प्रत कुठल्या महिन्यात लिहू? नोव्हेंबर?"

"नोव्हेंबर," तो म्हणाला.

"बारावी आहे त्या वर्षी," स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. "पेपर संपायच्या आत काही घरात येणार नाही. मामालाही सांग."

मी त्याची प्रत मार्चच्या रकान्यात लिहिली. पेन्सिलने.